कॅमेरा घेण्याआधी दुकानाचे माप घ्या

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या काळात गिऱ्हाईक दुकानात येई, कापड चिमटीत धरून पोत पाही, दाराशी उजेडात नेऊन रंग पाही आणि मगच भाव विचारी. आता तेच गिऱ्हाईक घरी बसून मोबाईलवर फोटो मागवते आणि फोटो पाहूनच पैसे पाठवते. यामुळे व्यापाऱ्याचे काम हलके झाले असे पुष्कळांना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. पूर्वी मालाची परीक्षा गिऱ्हाईक स्वतः करीत असे, आता ती त्याने आमच्यावर सोपवली आहे.

२०२२ च्या लग्नसराईत गारगोटीकडच्या एका घराने मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडून फोटोवरूनच घेतला. वीस वर्षांचे गिऱ्हाईक. फोटो आमच्या मुलाने मोबाईलवर काढले, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली. फोटोत जी साडी डाळिंबी दिसत होती ती हातात पडल्यावर राणी रंगाची निघाली. मोरपंखी म्हणून पाठवलेली हिरवी निघाली. लग्नाला पाच दिवस राहिले असताना सहा साड्या परत आल्या. मुलीच्या वडिलांनी भांडण केले नाही. ते एवढेच म्हणाले, "भाई, तुमच्यावर भरवसा हुता म्हणून दुकानात आलो न्हाई." आम्ही पैसे परत दिले. पण ते घर पुन्हा आमची पायरी चढले नाही.

त्या लाजेपोटी आम्ही कॅमेरा घ्यायला निघालो, आणि दुसरी चूक तिथे केली. कोल्हापुरातील एका दुकानदाराने आम्हाला डीएसएलआर कॅमेरा आणि त्याबरोबर दोन लेन्स अशी जोडी दिली. लांबच्या लेन्सची तारीफ ऐकून आम्ही भुललो. दुकानात आल्यावर कळले की त्या लेन्समधून उभ्या पुतळ्यावरची साडी पुरी मावतच नाही, फक्त पदराचा तुकडा दिसतो. आणि रंग? रंग पहिल्यासारखेच चुकत होते. पैसे गेले, खोट तशीच राहिली. पुढे वर्षभर विचारून, चुकून आणि सुधारून जे शिकलो ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या कामी यावे म्हणून येथे मांडत आहोत.

आधी गरज ओळखा

पहिला प्रश्न असा की, कॅमेरा खरोखर हवा आहे का? रोज दोन-चार फोटो ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवायचे असतील तर चांगला मोबाईल पुरतो. मोबाईलची अडचण त्याच्या हुशारीत आहे. तो प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने रंग चढवतो, उजळ करतो. एकाच थानाचे दोन फोटो काढा, दोन वेगळे रंग दिसतील. कॅमेऱ्यात ही मर्जी बंद करता येते. एकदा रंगाची पट्टी ठरवली की शंभर साड्या त्याच पट्टीने निघतात. काही मोबाईलमध्येही 'प्रो' नावाची सोय असते, त्यात हे थोडेफार साधते. आमचा सल्ला असा की आधी दोन महिने मोबाईल, तिपाई आणि चांगले दिवे यांवर काम करून पाहा. त्यातून परगावची मागणी वाढली, रोज वीस-तीस नग टिपायची वेळ आली, तर कॅमेऱ्याकडे वळा.

मग लेन्स, आणि लेन्सआधी गज

आमच्या तरुणपणी छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात घातला की तो जपून वापरावा लागे. आता फोटोला खर्च नाही, म्हणून विचारही कमी झाला. कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी आपल्या दुकानाची लांबी मोजा. पुतळा ठेवायची जागा आणि कॅमेरा ठेवायची जागा यांत किती फूट अंतर मिळते ते कागदावर लिहून घ्या. मग हा साधा हिशेब करा. स्वस्त डीएसएलआरमधला प्रकाश टिपणारा पडदा लांबीला सुमारे २२ ते २३ मिलिमीटर असतो. मालाची उंची फुटांत घ्या, तिला लेन्सच्या आकड्याने गुणा आणि २२ ने भागा. येईल तितके फूट मागे जावे लागते.

साडी नेसवलेला पुतळा साडेपाच फुटांचा धरा. ३५ च्या आकड्यावर पावणेनऊ फूट लागतात. ५० च्या लेन्सला साडेबारा फूट लागतात, म्हणजे आमच्या बारा फुटी दुकानात आम्हीच भिंतीत शिरू. आणि आमच्याकडची ती लांबची लेन्स २५० वर ठेवली तर साठ फुटांहून जास्त. म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्याच्या दुकानात जाऊन फोटो काढावा लागेल! हा हिशेब विकणाऱ्याने आम्हाला सांगितला नाही, पण आम्हीही विचारला नाही. कापड फाडण्याआधी दोनदा मोजणारे आम्ही, कॅमेरा घेताना एकदाही मोजले नाही.

तात्पर्य, कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची साधी लेन्स व्यापाऱ्याला बहुतेक कामांना पुरते. तिला 'किट लेन्स' म्हणून नाक मुरडतात, पण ती ३५ च्या आसपास ठेवून, एफ/८ वर, तिपाईवरून फोटो काढला तर साडीचा काठ, बुट्टा आणि जर सगळे स्वच्छ येते. एफ/१.८ च्या लेन्सचा फार बोलबाला आहे. ती कमी उजेडात चालते आणि मागचे धूसर करते. नवरी-नवरदेवाच्या चेहऱ्यासाठी हे छान. पण मालाच्या फोटोत गिऱ्हाइकाला पदरापासून निऱ्यांपर्यंत सारे स्पष्ट हवे असते. जो भाग धूसर, तिथे काहीतरी लपवले असा वहीम येतो. माल हलत नाही, त्यामुळे कमी उजेडात शटर सावकाश चालले तरी बिघडत नाही. फक्त पंखा बंद करा आणि बटण दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

हुपरीकडचे चांदीचे दागिने, जरीचे बारीक काम, चपलेची वेणी असे जवळून टिपायचे असेल तर मात्र मॅक्रो लेन्स उपयोगी पडते. निकॉनची ४० मिलिमीटरची आणि कॅननची ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स या कामाच्या आहेत. तेवढे पैसे नसतील तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांत काच नसते म्हणून स्वस्त असतात, आणि तिपाईवरच्या कामाला चालतात.

कोणता कॅमेरा?

आता कॅमेऱ्याविषयी. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर डोळ्याच्या खिडकीत जातो आणि बटण दाबताच आरसा उचलला जातो. मोठ्या कंपन्या आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. निकॉनने डी ३५०० हा आपला सर्वांत साधा डीएसएलआर २०२२ पर्यंत बंद केला. कॅननने २०२३ मध्ये आर ५० आणि आर १०० असे लहान मिररलेस आणले. त्यामुळे लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हाच ज्यांचा व्यवसाय होणार आहे अशा तरुणांना आम्ही जुन्या पद्धतीत पैसे गुंतवा असे सांगणार नाही.

पण दुकानात मांडलेल्या मालासाठी गोष्ट वेगळी आहे. तीच तरुण मंडळी मिररलेसकडे जाताना आपले डीएसएलआर विकतात, आणि ते आपल्या कामाला उत्तम असतात. निकॉनचा डी ३५०० आणि कॅननचा १५००डी हे दोन्ही २०१८ चे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. मोबाईलवर पाठवायच्या फोटोला याहून जास्त काहीही लागत नाही. १५००डी मध्ये वायफाय आहे, फोटो मोबाईलवर चटकन घेता येतात. डी ३५०० मध्ये वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ आहे, पण त्याची बॅटरी फार टिकते. कॅननचा ३०००डी त्याहून स्वस्त, पण त्याची लेन्स बसवायची कडी प्लास्टिकची आहे. रोजच्या वापराला आम्ही तो घेणार नाही.

कापडवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बारीक विणीच्या कापडाच्या फोटोत कधी कधी कापडावर नसलेल्या लहरी उमटतात. त्याला मॉरे म्हणतात. विणीचे धागे आणि पडद्यावरचे बारीक ठिपके एकमेकांशी झगडतात म्हणून हे होते. निकॉनने डी ३३०० पासून या मालिकेत ही लहर दाबणारी जाळी काढून टाकली. त्यामुळे बारकावा वाढला, पण बारीक चौकडीच्या शर्टिंगवर लहरी उमटण्याची शक्यताही वाढली. तसे झाल्यास कॅमेरा थोडा मागे घ्या किंवा कापडाचा कोन बदला. बहुधा लहर जाते.

घरात जुनी निकॉन लेन्स पडून असेल तर ती फेकू नका. निकॉनची लेन्स बसवायची कडी १९५९ पासून तीच आहे. मात्र डी ३००० च्या मालिकेतील कॅमेऱ्यात लेन्स फिरवणारी मोटर नाही. जुन्या लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो, आणि हाताने फिरवायच्या फार जुन्या लेन्सवर उजेडही स्वतःच जुळवावा लागतो. माल स्थिर असल्याने हे जमते. कॅननची ईएफ कडी १९८७ ची. त्या लेन्स पुढे कॅननच्या मिररलेसवर जोडकडी लावून चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या वाया जात नाही.

जुना घेताना

जुना कॅमेरा घेताना घोडा पाहतो तसा पाहावा. पहिले, आपला कार्ड घालून पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ वर काढा. काळे ठिपके दिसले तर पडद्यावर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव कमी करून मागा. दुसरे, लेन्स काढून मोबाईलच्या बॅटरीच्या झोतात आतून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या भागातल्या पावसात वेदगंगेकाठची लोखंडी कडी गंजते, तिथे लेन्सचे काय? बुरशीची लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. तिसरे, निकॉनच्या फोटोत शटर किती वेळा चालले याचा आकडा लिहिलेला असतो, तो संगणकावर पाहता येतो. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यात तो फोटोत येत नाही, म्हणून तिथे विकणाऱ्याचा वापर विचारून घ्या. लग्नाच्या तीन हंगामांचा कॅमेरा आणि घरगुती कॅमेरा यांत फरक असतो. घेतल्यावर कॅमेरा आणि लेन्स झाकणाच्या घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कापडाच्या कपाटात ठेवू नका.

खरे काम दिव्यांचे

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी आमचे पैसे वाया गेले. रंग कॅमेऱ्याने चुकत नाही, उजेडाने चुकतो. दुकानात एक दिवा पिवळा, एक ट्यूब निळसर आणि दाराकडून दिवसाचा उजेड, अशी खिचडी असेल तर लाखाचा कॅमेराही राणीला डाळिंबी दाखवील. भिंत हिरवी असेल तर तिचीही झाक कापडावर पडते.

म्हणून आमचे सांगणे असे की शंभर रुपये हातात असतील तर कॅमेरा आणि लेन्सला साठ द्या, दिव्यांना पंचवीस आणि तिपाईला पंधरा. दोन एकसारखे एलईडी दिवे घ्या. डब्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. शंभरपैकी किती प्रमाणात तो दिवा रंग खरे दाखवतो याचा तो अंदाज. ९५ च्या पुढचा घ्या. फोटो काढताना बाकीचे दिवे बंद करा, दाराला पडदा ओढा. मग राखाडी रंगाचे मॅट कार्ड त्या उजेडात धरून त्यावरून कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ठरवा. पांढरे कापड धरून ठरवू नका. आमच्याच दुकानातल्या पांढऱ्या शर्टिंगमध्ये चमक आणणारे द्रव्य असते, त्याने पांढरे निळसर दिसते आणि पट्टी चुकते. ही चूक आम्ही सहा महिने करत होतो.

बिल, कर आणि हप्ते

नवा घेत असाल तर बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावरच्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशनमधल्याला मिळत नाही. आपल्या हिशेबनिसाला आधी विचारा. बिनबिलाचा स्वस्त माल घेतला तर वजावटही नाही आणि हमीही नाही.

बिनव्याजी म्हणून जे हप्ते देतात त्यांचा कागद नीट वाचा. पुष्कळदा व्याज आधी लावून तितकी सूट दिलेली असते, आणि बँकेच्या कार्डावर त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. आपल्यापैकी जे व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांनी तर दुप्पट जपावे. दोन महिने थांबून रोखीने जुना घेणे केव्हाही बरे. त्याआधी एखादा दिवस कोल्हापुरातून कॅमेरा भाड्याने आणून आपल्या दुकानात चालवून पाहावा.

साधनांनी मोठे काम होते असे मानणाऱ्यांनी आपल्याच मुलखाकडे पाहावे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या शागिर्दांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला. त्यांच्याच तालमीत तयार झालेले शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, ते आपल्या कागलचे. त्यांनी दामले यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. महाग साधनाची वाट पाहत ही माणसे बसली नाहीत. हातात जे होते त्याची नस त्यांनी ओळखली.

फोटो हेही मापच

शेवटची गोष्ट. काही तरुण आम्हाला सांगतात, चाचा, फोटो थोडा चमकवा, रंग गडद करा, माल लवकर जातो. आमचे त्यांना सांगणे आहे की फोटो हे आजच्या व्यापाऱ्याचे माप आहे. गज आखूड ठेवणे आणि फोटो खोटा रंगवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात स्वतंत्र सूरह आहे, हे मदरशात शिकलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. सरकारचा कायदाही हेच सांगतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण कायद्याच्या आधी इमान येते.

एवढे करूनही प्रत्येक मोबाईलचा पडदा वेगळा असतो. रात्री पुष्कळांच्या मोबाईलवर डोळ्यांच्या आरामाची पिवळी झाक चालू असते, आणि बस्त्याचे फोटो घरातली मंडळी रात्रीच जेवणानंतर पाहतात. म्हणून आम्ही आता फोटोखाली रंगाचे नाव लिहितो, दाराशी दिवसाच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ जोडतो आणि "फोटो दिवसा, पिवळी झाक बंद करून पाहा" असे सांगतो. लग्नाचा बस्ता असेल तर प्रत्येक रंगाची चिंधी आधी पाठवतो. चिंधीचा खर्च आमचा.

मागच्या हंगामात फोटोवरून गेलेल्या मालातून रंगासाठी एकही साडी परत आली नाही. ती लांबची लेन्स आम्ही विकून टाकली आणि त्या पैशांत दिवे घेतले. गारगोटीकडचे ते घर मात्र अजून आलेले नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आहे. आम्ही त्यांना फोटो पाठवणार नाही. गाठोडे बांधून माल घेऊनच त्यांच्या दारी जाणार आहोत.